सुलटा, आडवा, उलटा

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी भिवंडी सोडली. त्या वेळी माझ्या हनुवटीखाली तीन ताज्या चिरा होत्या. त्या वडिलांनी पाडल्या होत्या.

विमान दुपारचं होतं आणि विमानतळावर नेणारी गाडी चाळीच्या तोंडाशी येऊन उभी होती. आंघोळ आणि दाढी उरकून, नवा शर्ट घालून मी दारात आलो, तेव्हा वडिलांनी खिडकीतली पत्र्याची डबी उघडली, तिच्यातला कापसाचा बोळा काढला आणि माझ्या गालांवरून फिरवला. उजव्या बाजूला काही अडकलं नाही. डाव्या कानाच्या खाली, जबडा संपतो त्या खोबणीत, एक तंतू राहिला. वडिलांनी तो चिमटीत धरला आणि मला दाखवला. मग आईला दाखवला. माझी बॅग घेऊन उभ्या असलेल्या धाकट्या भावाला, सिद्धार्थला, शेवटी दाखवला. "बस," ते म्हणाले.

मी खुर्चीवर बसलो. घरातला नियम सगळ्यांना माहीत होता. कापूस अडकला तर दुसरी दाढी कोरडी, साबण आणि पाण्याशिवाय, आणि ती वडील करणार.

आई म्हणाली, "आज जायचं हाय त्याला."

वडील म्हणाले, "म्हनूनच."

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आधी पासपोर्टमधला फोटो पाहिला, मग माझी हनुवटी, आणि काय झालं म्हणून विचारलं. दाढी करताना कापलं, असं मी सांगितलं. त्याने शिक्का मारला.

घर सोडून गेलेली माणसं निघतानाचं आईचं रडणं सांगतात. मला कॉलरला लागलेलं रक्त गाडीत थुंकी लावून पुसणं आठवतं. आमच्या चाळीत राहिलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. ती डबी सगळ्यांनी पाहिलेली होती.

वडील लूमच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. शेडमध्ये दिवसभर रुई उडते. ती छपरावर, पंख्यांवर, माणसांच्या केसांत बसते. कपड्यांवरून ती झटकता येते, पण दाढीच्या खुंटांत अडकलेली निघत नाही. शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून कोण लूमवरून आला आणि कोण बाजारातून, हे गालांवरून कळत असे. वडिलांचा गाल कळू देत नसे. शिफ्टला जाण्यापूर्वी ते रोज दाढी करत, ताप असला तरी आणि संप असला तरी. त्यांचं एक वाक्य आम्ही भावांनी लहानपणापासून ऐकलं होतं: "गालावर रुई बसली का मानसाचा उकिरडा व्हतो."

त्यांची पद्धत ठरलेली होती. पितळी तांब्यात गरम पाणी, प्लास्टिकच्या वाटीतला गोल साबण, अर्धे केस गळालेला ब्रश, दुधारी ब्लेड घालायची स्टीलची मशीन. पहिला हात सुलटा, केस वाढतात त्या दिशेने. दुसरा आडवा. तिसरा उलटा, खालून वर, केसांच्या विरुद्ध. प्रत्येक हाताआधी नवा फेस. शेवटी तुरटी. आफ्टरशेव्ह घरात कधी आलं नाही. "सेंट लावतो त्याला कायतरी लपवायचं असतं," असं ते म्हणत.

आम्हाला मिसरूड फुटल्यावर त्यांनी शिकवायला घेतलं. माझे केस सरळ आणि विरळ होते, त्यामुळे मी बहुतेक वेळा सुटत असे. सिद्धार्थचे केस कुरळे आणि राठ. उलटा हात मारला की ते कातडीच्या आत तुटत, आतच वाढत आणि त्यांचे फोड होत. फोडांवरून पुन्हा ब्लेड फिरे. कापूस तर रोज अडके. तो चिरांनी भरलेला चेहरा घेऊन कॉलेजात जायचा आणि संध्याकाळी त्याच चेहऱ्याने घरी यायचा. वडिलांनी त्याचं नाव चाळण ठेवलं. चाळीतल्या मुलांनी ते उचललं. सिद्धार्थच्या लग्नाच्या मांडवातही कोणीतरी त्याला त्याच नावाने हाक मारली. नवऱ्या मुलीने, म्हणजे वैशालीने, याचा अर्थ विचारला, तेव्हा तो वडिलांनीच हसत सांगितला.

या सगळ्याच्या मागची गोष्ट आम्हा भावांना एकदाच सांगितली गेली. ती आईने सांगितली, वडील घरात नसताना.

वडिलांचं गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे. आम्ही बौद्ध. वडील तरुण होते त्या काळी आमच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला गावचा न्हावी वस्तरा लावत नसे. वस्तीतले पुरुष एकमेकांची दाढी करत, तीही अनेकदा गरम पाण्याच्या कुंडांजवळ, कारण तिथे पाणी तापवायला लाकडं जाळावी लागत नसत. वडिलांना पहिली दाढी आली तेव्हा ते बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावच्या न्हाव्यापुढे जाऊन बसले. न्हाव्याने ओळखलं नाही. त्याने फेस लावला आणि उजवा गाल केला. तेवढ्यात ओळखीच्या एका बाजारकऱ्याने जाता जाता न्हाव्याला सांगितलं की हा कुठल्या वस्तीतला आहे. न्हाव्याने वस्तरा पुसला, पेटी उचलली आणि पलीकडे जाऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाला बसवलं. वडील डाव्या गालावर सुकलेला फेस घेऊन भर बाजारातून घरापर्यंत चालत आले. घरी आजोबांनी दुसरा गाल केला, कोरडाच. "दुसऱ्याच्या दारात तोंड द्यायला कशाला गेलास," एवढंच आजोबा म्हणाले.

आई गोष्ट संपवताना म्हणाली, "त्यांचा राग तोंडावर न्हाय दिसत. हातात हाय तो."

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मला एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर काम मिळालं. आलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, पुढे पाठवायच्या. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मी मशीन बाथरूमच्या कपाटात ठेवली आणि दाढी वाढू दिली. कोणी काही म्हणालं नाही. हे मला बराच काळ विचित्र वाटत राहिलं. ट्रेनमध्ये, ऑफिसात, दुकानात कोणीही माझ्या गालाकडे पाहत नसे.

व्हिडिओ कॉलवर वडिलांनी ती दाढी पहिल्यांदा पाहिली आणि फोन खाटेवर पालथा घातला. पुढचं बोलणं मी काळ्या पडद्याशी केलं. पलीकडून आई जेवणाचं विचारत होती. त्यानंतर ते फोनसमोर आले नाहीत. मी घरी पाठवलेला स्वेटर त्यांनी घातला, असं आई सांगे. माझं नाव मात्र ते घेत नसत.

पुढच्या वर्षी आई वारली. माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी गेलेला होता, त्यामुळे निघणं शक्य नव्हतं. सिद्धार्थने फोन लावला आणि आईच्या पायांशी धरला. पांढरं वस्त्र दिसलं, हार दिसले. चेहरा दिसायच्या आधी फोन हलला आणि पडद्यावर वडील आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सिद्धार्थला म्हणाले, "बंद कर. हे तोंड घेऊन तिला बघू देऊ नको त्याला."

कपाटातल्या मशीनचं ब्लेड गंजलं होतं, म्हणून मी खाली उतरून दुकानातून रेझर आणि फेसाचा डबा आणला. दाढी केली. एवढी वाढलेली दाढी आधी कात्रीने कापायची असते, हे घाईत सुचलं नाही. परत फोन लावला तेव्हा सिद्धार्थने उचलला. तो स्मशानाच्या वाटेवर होता. "दादा, नेलं," तो म्हणाला.

त्या दाढीने माझ्या मानेवर पुरळ उठलं आणि आठवडाभर राहिलं. शर्टाची कॉलर सहन होत नव्हती. दाढी नीट करायला मी तिथून पुढे शिकलो. ज्यांना हा निव्वळ छंद वाटतो त्यांच्यासाठी शिकलेलं थोडक्यात लिहितो.

पाण्यावर पुष्कळ अवलंबून असतं. ग्लासगोचं पाणी मऊ आहे, साबण नुसता दाखवला तरी फेस येतो. भिवंडीच्या टँकरच्या पाण्यात तोच साबण दह्यासारखा फाटतो. ब्रश आधी भिजत ठेवायचा, झटकायचा, मग साबणावर बराच वेळ फिरवायचा. बहुतेक लोक इथे कंटाळतात आणि पातळ फेसावर भागवतात. फेस इतका घट्ट हवा की ब्रश उलटा धरला तरी खाली पडू नये. मशीनचं डोकं स्वतःच्या वजनाने खाली आलं पाहिजे, हाताचा जोर शून्य. वडिलांचे तीन हात बरोबर होते, क्रमही बरोबर होता. चूक होता तो जोर.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्वतःच्या केसांची दिशा. दोन दिवस दाढी वाढू द्यायची आणि बोटांनी चाचपायचं. चेहऱ्याच्या प्रत्येक भागात केस वेगळ्या दिशेला जातात. माझ्या डाव्या कानाखाली त्यांचा भोवरा आहे. तिथे ते खाली न जाता मागे वळतात, आणि वरून खाली मारलेला हात तिथे सुलटा नसतो, आडवा असतो. निघण्याच्या दिवशी तंतू अडकला होता तो तिथेच.

साबण बरेच वापरून पाहिले. चरबीचा कडक साबण लाकडी वाटीत येतो आणि तो सर्वांत टिकाऊ. ग्लिसरीनचा लवकर विरघळतो, पण कातडी ओढली जात नाही. चंदनाचा वास असलेला एक मी अजून वापरतो. एक साबण पहिल्याच दिवशी टाकून दिला, कारण त्याचा वास सुताला लावायच्या उकळत्या खळीसारखा होता. आफ्टरशेव्ह स्पिरिटचं असेल तर भिवंडीच्या उन्हात चालेल. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात त्याने कातडी फाटते, तिथे दाट, मलमासारखं बरं. त्याच्या आधी मी तुरटी लावतो. तो खडा मी निघताना आईने बॅगेत घातला होता, जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून. "रक्त थांबतं," एवढंच ती म्हणाली होती. खडा आता बोराएवढा उरला आहे.

दाढी झाली की मी कापूस फिरवतो. तो इथे औषधाच्या दुकानात पिशवीत मिळतो, पांढरा आणि एकसारखा. सहकारी विचारतात, घराची आठवण येते का. येते, असं मी सांगतो. सकाळी आरशासमोर तो बोळा गालावर टेकवतो तेव्हा मी भिवंडीत असतो, आणि एखादा तंतू अडकला तर खोलीत दुसरं कोणी नसतानाही मान आपोआप खाली जाते. माझ्यासोबत आलेलं घर एवढंच आहे.

वडिलांना झटका आला तो गेल्या वर्षी, पावसाळ्यानंतर. शरीराची डावी बाजू गेली. डाव्या हातात जोर राहिला नाही आणि गाल लोंबला. बोलणं जड झालं, तरी कळत होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सिद्धार्थला बजावलं की ब्लेड लावायचं नाही, कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही.

सिद्धार्थ भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. वडील दवाखान्यात होते त्या दिवसांत त्याने स्वतःची दाढी वाढवली. वडील घरी आले तेव्हा त्याचे दोन्ही गाल भरलेले होते. वडिलांनी पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

सिद्धार्थने त्यांच्यासाठी ट्रिमर आणला. ट्रिमर खुंट ठेवतो. चाळीला लागून अजून लूमची शेड आहे आणि खिडकीतून रुई येतेच. वैशालीने फोनवर सांगितलं की मामंजी दिवसभर उजव्या हाताने गालावरची रुई वेचत बसतात. त्यांचं दुसरं काही मागणं नव्हतं. जेवण आणि औषध ते मुकाट्याने घेत. मागत ते फक्त ब्लेड.

एका सकाळी सिद्धार्थने त्यांचं ऐकलं. फेस लावला, मशीन घेतली, उजवा गाल केला. वडील म्हणाले, "हात कापतोय तुजा. चाळण ती चाळणच." सिद्धार्थने मशीन ताटलीत ठेवली, हात धुतले, डबा घेतला आणि तो ड्युटीवर गेला.

वैशाली दुसरा गाल करायला पुढे झाली. वडिलांनी तिला हात लावू दिला नाही. फेस गालावर सुकला. तब्येत विचारायला शेजारची दोन माणसं आली, तेव्हा त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला आणि झोप लागल्याचं दाखवलं. सिद्धार्थ संध्याकाळी परत येईपर्यंत ते टॉवेलखाली होते. आल्यावर त्याने चहा घेतला आणि मग ट्रिमरने डावी बाजू केली.

वैशालीने हे दुसऱ्या दिवशी मला कळवलं. बाजारातल्या त्या न्हाव्याची गोष्ट तिलाही माहीत होती. लग्नानंतर सिद्धार्थनेच तिला ती सांगितली होती. मी रजा टाकली.

घरी पोचलो तेव्हा वडील खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी उजव्या हाताने खिडकीकडे बोट केलं. वैशालीने डबी दिली. त्यांनी मला वाकायला सांगितलं आणि कापूस माझ्या दोन्ही गालांवरून फिरवला. कानाखालीही फिरवला. काही अडकलं नाही. बोळा त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला.

"आई गेल्यावर जमलं तुला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सामान मांडलं. ब्रश, चंदनाचा साबण, मशीन, नवं ब्लेड, तुरटी, आफ्टरशेव्हची बाटली, गरम पाण्यात पिळायला दोन टॉवेल. सिद्धार्थला सुट्टी होती. तो दाराला टेकून बघत होता.

"ऑपरेशन हाय का दाढी?" त्याने विचारलं.

साबण टँकरच्या पाण्यात फाटला. मी पिण्याच्या पाण्याचा जार मागितला.

"वैशू, जार आण," सिद्धार्थ म्हणाला. "साहेबांच्या साबनाला इथलं पानी चालत न्हाय. मानसं चालतात का बघ."

वैशाली हसली आणि जार घेऊन आली. "भाऊजी, एवढ्या पाण्यात आमचा चहा झाला असता," ती म्हणाली.

गरम टॉवेल ठेवून मी वडिलांची दाढी मऊ केली. केसांची दिशा बोटांनी पाहिली. त्यांच्या चेहऱ्याला असा हात मी त्याआधी कधी लावलेला नव्हता. डाव्या कानाखाली भोवरा होता, माझा आहे त्याच जागी आणि त्याच दिशेने वळलेला. लोंबलेला गाल वर ओढून धरावा लागत होता, नाहीतर कातडी ब्लेडपुढे गोळा होत होती. पहिला हात सुलटा. नवा फेस. दुसरा आडवा. रक्ताचा थेंब आला नाही. मी मशीन धुतली.

"उलटा," वडील म्हणाले.

मी सांगितलं की गोळ्या चालू आहेत, या कातडीला तिसरा हात सोसणार नाही, दोन हातांत गाल साफ झाला आहे.

"उलटा मार."

"नाही बाबा."

त्यांनी डबी मागितली. कापूस स्वतःच फिरवला. उजवा गाल, हनुवटी, मग हात वाकडा करून डाव्या कानाखाली. तिथे तंतू राहिला. तो त्यांनी चिमटीत पकडला आणि मला दाखवला, वैशालीला दाखवला, सिद्धार्थला दाखवला.

"एवढ्या लांब जाऊन दोनच हात शिकलास," ते म्हणाले.

सिद्धार्थ मोठ्याने हसला. मी तुरटी फिरवली आणि आफ्टरशेव्हचे दोन थेंब तळव्यावर घेऊन त्यांच्या गालांना लावले. वडिलांनी वैशालीला ओलं फडकं आणायला सांगितलं आणि ते पुसून काढायला लावलं.

परतायच्या आदल्या दिवशी दुपारी मी सिद्धार्थसोबत वडप्याला गेलो. त्याची शिफ्ट सुरू व्हायला वेळ होता. हायवेच्या कडेला, कंटेनर वळतात तिथल्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्याच्या दाढीत सकाळची रुई होती. मी त्याला त्या अर्ध्या दाढीबद्दल विचारलं. ड्युटीला उशीर होत होता का?

"न्हाय. टाइम व्हता."

"मग?"

"मला बघायचं व्हतं. ज्याच्यापायी आमी एवढी वर्षं रक्त काढलं, ते अर्धं तोंड दिसतं कसं."

"कसं दिसलं?"

"म्हातारं," तो म्हणाला. मग टपरीवाल्याला हाक मारली, "चचा, और एक कटिंग."

मी त्याला सांगितलं की सामान इथेच ठेवून जातो. दोन हातांची दाढी ब्लेडनेही करता येईल, जोर न देता, जारच्या पाण्यात. सुरू केली की पुरी करायची. तिसरा हात मारायचा नाही, त्यांनी कितीही सांगितलं तरी.

"ते रोज सांगनार."

"सांगू दे."

"दादा, त्यांना न्हाय म्हनायला मला शिकवाय नको," सिद्धार्थ म्हणाला. "तेवढीच एक मजा हाय घरात."

मी ग्लासगोला परत आलो. दिवसाआड दाढी होत राहिली. सिद्धार्थचा हात हलका झाला, असं वैशाली सांगे. एकदाही कापलं नाही. दर वेळी दोन हातांनंतर वडील उलटा मागत, सिद्धार्थ नाही म्हणे, वडील कापूस फिरवत आणि तंतू दाखवत. एवढ्याने दोघांचं बोलणं संपे. कधी कधी उजवा गाल झाला की सिद्धार्थ मशीन खाली ठेवून सावकाश चहा प्यायचा. फेस सुकेपर्यंत वडील त्याच्या कपाकडे बघत बसत. कप रिकामा झाला की तो उठून डावी बाजू पुरी करायचा.

गेल्या महिन्यात सिद्धार्थचा व्हिडिओ कॉल आला. भिवंडीत दुपार होती. इथे सकाळ, मी ऑफिसला निघत होतो. पडद्यावर वडील होते. मान उशीवर कलली होती. उजवा गाल साफ होता. डाव्या गालावर फेस होता.

सिद्धार्थने सांगितलं की उजवी बाजू झाली तेव्हा वडील काहीतरी म्हणाले, ते कळलं नाही, आणि मान पडली. चाळीच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले होते. दुसरा झटका, त्यातच गेले, असं त्यांनी सांगितलं. कुठे कापलेलं नव्हतं, रक्त नव्हतं. शेजारची माणसं दाराशी जमली होती. सिद्धार्थने अजून फेस पुसला नव्हता.

"चहाला थांबलो नव्हतो," तो म्हणाला. "वैशूला विचार."

मागून वैशाली म्हणाली, "नव्हते थांबले, भाऊजी."

"आता डावी र्‍हायली," सिद्धार्थ म्हणाला. "लोकं आत येतील. काय करू?"

मी पुरी कर म्हणालो.

"फेस सुकलाय."

मी सांगितलं की टॉवेल गरम कर, पाणी जारचं घे, नवा फेस कर. त्याने फोन वैशालीच्या हातात दिला. दार लोटून घेतलं. टॉवेल ठेवला, काढला, फेस लावला. गाल वर ओढून त्याने सुलटा हात मारला. मशीन धुतली, पुन्हा फेस लावला, आडवा मारला. मग तो थांबला आणि फोनकडे पाहिलं.

"आता?"

"उलटा."

"कापलं तर?"

"आता रक्त येणार नाही."

त्याने फेस लावला. हनुवटीपासून वर, मग जबड्याच्या कडेने, मग कानाखाली, जिथे भोवरा आहे, तिथे पुढून नाही, मागून. तिथे त्याला वेळ लागला. डावी झाल्यावर त्याने उजवीकडेही फेस लावला आणि तिथेही उलटा मारला. तुरटी फिरवली. आफ्टरशेव्हची बाटली उचलून माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणालो. त्याने ती खाली ठेवली.

वैशालीने दार उघडलं. शेजारचे एक वयस्कर काका आत आले. नाकात कापूस घालायला हवा, वेळ होतोय, असं ते म्हणाले. सिद्धार्थने खिडकीतली डबी घेतली. बोळा काढला. आधी तो वडिलांच्या उजव्या गालावरून फिरवला, मग हनुवटीवरून, मग डाव्या गालावरून आणि कानाखाली. नंतर वाकून त्यांचा गाल उजेडात पाहिला आणि फोन जवळ आणायला लावून मला दाखवला. काही अडकलं नव्हतं.

त्याने त्याच बोळ्याचे दोन भाग केले आणि वडिलांच्या नाकपुड्यांत घातले.